सुमित्राचे वार

१४ जुलै, सोमवार
आपल्या धानाच्या बांधीत रोवणी सुरू. अकरा बाया. पाऊस बरा, नहराला पाणी अजून सोडलं नाही. पाटबंधाऱ्यातून रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळी नहराच्या गेटपर्यंत जाऊन पाणी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.
सुमित्रानं सगळ्या बायांचं रांधून डोक्यावर आणलं. सगळ्यांना वाढलं. स्वतः पाण्याचा गडवा घेऊन बांधीच्या पाळीवर बसली. एकीनं विचारलं, "तुमी नाई जेवत जी काकू?" म्हणाली, "माहा सोमवार हाय." नंतर संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून रोवत होती, बायांच्या पुढे.

१५ जुलै
आज मंगळवार. आजही उपास. हा कधी धरला ते मला ठाऊक नाही.

१९ जुलै
बांगडीवाली आली होती. लग्नापासून सु. दोन-आठच्या मापाच्या घालायची. आज दोन-दोनच्या घेतल्या, त्याही ढिल्या. बांगडीवाली म्हणाली, "काकू, तुमी तं पोरीवानी झाल्या." सु. हसली. बऱ्याच दिवसांनी.
लिहून ठेवतो. मागच्या दिवाळीनंतर शिबिरात डॉक्टरनं सांगितलं होतं, शुगर काठावर आहे, भात कमी करा, वजन उतरवा. तिनं ऐकलं. आपली पोरगी वनिता, तिच्या जावेच्या बाळाच्या बारशात सगळ्या बाया विचारत होत्या, काय केलं वो, कशी बारीक झाली. मीही चारचौघात म्हटलं, आता लग्नातल्यासारखी दिसते. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पस्तीस वर्षांत मला आणता आलं नव्हतं.
आता वाटते, तोंड बंद ठेवलं असतं तर.

२३ जुलै
सोम, मंगळ, गुरु, शनि. वर चतुर्थी, एकादशी. आज बुधवार म्हणून जेवायला तिची वाट पाहिली. म्हणाली, पोट जड आहे.
"काऊन करून राहिली एवढे उपास?"
"तुमाले कायले तरास? तुमचा भात तं शिजते ना."
शिजते. दोन्ही वेळा, गरम. 

२७ जुलै, रविवार
व. आली गोंदियाहून. पोरगी मास्तरीण झाल्यापासून डोळे तिखट झालेत तिचे. आईला पाहिलं अन बॅग खाली ठेवायची विसरली. मला गोठ्याकडे नेऊन विचारलं, "बाबा, आई जेवते का?"
मी म्हटलं, जेवते.
काऊन म्हटलं? दिवसभर तेच डोक्यात.

३१ जुलै
व.नं गोंदियात सगळ्या तपासण्या करून आणल्या. रक्त थोडं कमी, बाकी ठीक. शुगर उत्तम. डॉक्टरनं सु.ला शाबासकी दिली, म्हणे सगळे पेशंट तुमच्यासारखे पाहिजेत. सु. ते वाक्य शेजारी तीनदा सांगून आली.

८ ऑगस्ट
सकाळी पाचला जाग आली, ती घरी नाही. आठ दिवसांपासून असंच. सायकल घेऊन मागे गेलो. नहराच्या पाळीनं चालून राहिली होती, पोथीतलं काही पुटपुटत, गेटपर्यंत जाऊन परत, पुन्हा गेटपर्यंत. माझी सगळी नोकरी या पाळीवर फिरण्यात गेली. एक खेप किती लांबची हे मला मोजावं लागत नाही. ती तिसऱ्या खेपेला होती.
मला पाहून थांबली नाही. जवळून गेली. पाय काड्यांसारखे. अंगात स्वेटर. ऑगस्टात.

१२ ऑगस्ट
ती म्हणायची, तुमच्या मागून चुलीजवळ जेवते. आज गाईला पाणी दाखवायला गेलो तर गव्हाणीत चाऱ्याच्या कुटाराखाली भात. वरण कालवलेला. एका माणसाचं ताट.
गाय खाऊन राहिली होती. मी तिथंच उभा.
विचारलं नाही. विचारलं तर ती दुसरी जागा शोधल, अन ती मला सापडणार नाही.

१६ ऑगस्ट
जन्माष्टमीच्या कान्होबाचा दुसरा दिवस. विसर्जनाआधी आपल्या ओसरीत बाया जमल्या. दरवर्षी भजनापुरत्या जमतात. यंदा सु.च्या भोवती बसल्या. एक म्हणाली, चेहऱ्यावर तेज आलं. दुसरी पाया पडली. सु.नं पाय मागे घेतले नाहीत.
तेज नाही ते. कातडी हाडाला चिकटली की चमकते. पण हे कोणाला सांगू.

२४ ऑगस्ट
मंदिर कमिटीचा अध्यक्ष हरिभाऊ आला. नारळ घेऊन. म्हणाला, "नामदेवभाऊ, यंदा नवरात्रात मायनं मंदिरात बसावं. नऊ दिवस, निस्त्या पान्यावर. आजूबाजूचे गावं येतील."
आता ती माय. दोन महिन्यांपूर्वी सुमित्राबाई होती.
मी म्हणायला पाहिजे होतं, नाही. मी म्हटलं, तिला विचारा.
ती दारातच होती. म्हणाली, "बसन मी."
हरिभाऊ गेल्यावर कितीतरी वेळ गुणगुणत भांडी घासत होती.

३ सप्टेंबर
शेजारच्या देवाजीची सून रोशनी. वैशाखात लग्न होऊन आली, वीस-एकवीसची. तिची सासू रोज तिला आपल्याकडे पाठवते, "माय जवर बस, काई वळन लागन." पोरगी गुरुवार धरत होती, आता शनिवारही. सु. तिला शिकवते, भूक लागली की पाणी कसं प्यायचं, नाव कसं घ्यायचं.
रोशनी सु.कडे पाहते तशी कोणतीच पोरगी मास्तरणीकडेही पाहत नसल.

११ सप्टेंबर
आज हिंमत केली. मीच भात टाकला, वरण केलं, वांग्याची भाजी. ताट तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, माझ्यासमोर दोन घास खा, मग तुझे सगळे वार मान्य.
ती ताटाकडे पाहत बसली. मी विंचू पाहिलेली माणसं पाहिली आहेत. तसे डोळे. भात थंडा झाला, वरून सुकला. तिनं एक शीत उचललं, बोटानं चुरडलं, परत ठेवलं. कपाळाला घाम.
म्हणाली, "तुमी मले मारून टाका जी. पन हे नोको."
हे नाटक नव्हतं. देवाचंही नव्हतं काही. बाई भातशिताला भीत होती. आमच्या घरात. आमच्याच बांधीच्या भाताला.
ताट मीच उचललं.

१२ सप्टेंबर
व.ला फोन केला. खरं सांगितलं, गव्हाणीचंही.  ती म्हणाली, "बाबा, हे उपास नाहीत. हा आजार असू शकते." तिच्या शाळेत एक पोरगी होती, तिला मोठ्या दवाखान्यात मानसिक विभागात दाखवावं लागलं.
मी म्हटलं, तुझी आई पागल नाही.
"पागल नाहीच. म्हणून तं दवाखाना."

२२ सप्टेंबर
घट बसले. मंदिरापुढे मांडव. सु. पाटावर, हिरवं लुगडं, मागे तक्क्या दिला आहे. व. आली होती, आईनं तिच्याशी बोलायला नकार दिला. पोरगी रडत परत गेली.
कमिटीनं मलाही खुर्ची दिली, मांडवात, पुढच्या रांगेत. मी बसलो. लोक मलाही हात जोडून राहिले होते.
लाज वाटली. उठलो नाही.

२४ सप्टेंबर
इटियाडोह धरणाकडून ट्रॅक्टर भरभरून लोक. रोशनी सु.च्या पायाशी बसून आहे. तीही निस्त्या पाण्यावर. आणखी चार बाया. त्यातली एक दहावीतली पोर. मी तिच्या बापाला म्हटलं, लहान आहे, घरी ने. तो म्हणाला, "तुमचीच बाई बसून राहिली ना साहेब?"

२६ सप्टेंबर
दुपारी रोशनी नळावर पडली. कपडे रक्तानं भरलेले. दोन महिन्यांची पोटुशी होती. तिलाही पक्कं माहीत नव्हतं, कोणाला सांगितलं नव्हतं. कोहमाऱ्याहून गाडी बोलावली, तालुक्याला नेलं. जीव वाचला. पोट राहिलं नाही.
मांडवात बातमी आली तेव्हा मी सु.च्या शेजारी होतो. हरिभाऊ माइक बंद करून म्हणाला, "तिनं चोरून काई खाल्लं असन. व्रत मोडलं का असंच होते."
बायांनी माना हलवल्या.
मी सु.कडे पाहिलं. वाटलं, आता तरी. रोशनीवर जीव होता तिचा. तिनं डोळे मिटले अन हळूच म्हणाली, "खाल्लंच असन तिनं."
सांजेला वारा सुटला, मांडवाचं कापड फडफडत होतं. मला या बाईची भीती वाटली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

२७ सप्टेंबर
सकाळी दहाला गेलो. सु.ची मान एका बाजूला. नाडी पाहिली, लागता लागेना. ओठ निळे. आवाज दिला तर ओठ हलले. व.ला फोन केला, तिनं ॲम्बुलन्स लावली.
हरिभाऊ आडवा आला. "चार दिवस राहिले भाऊ. पुरे होऊ दे. माय समाधीत हाय."
मी काय बोललो ते आठवत नाही. लोक म्हणतात मी त्याला आईवरून शिवी दिली. असल. वाकून तिला उचललं. मी साठीचा माणूस, गुडघे गेलेले, अन तिला उचलायला जोरच लागला नाही. पोत्याचा अंदाज घेऊन हात घालावा अन रिकामं पोतं निघावं तसं झालं.
एकही माणूस मदतीला आला नाही. आडवंही कोणी आलं नाही. बाया रस्त्यावर वाकून ती गेली त्या जागची माती कपाळाला लावत होत्या.

२९ सप्टेंबर, गोंदिया
मोठा दवाखाना. सलाइन. डॉक्टर म्हणतात, एकदम खायला देता येत नाही. एवढे दिवस रिकामं राहिलेल्या शरीराला एकाएकी अन्न दिलं तर हृदय बंद पडू शकते. चमच्या-चमच्यानं. रोज रक्त तपासून. मला वाटलं होतं, एकदा पोटात भात गेला की झालं.
ज्याच्यानं जगायचं त्याच्यानंच मरू शकते. डोकं काम करत नाही.

३ ऑक्टोबर
दसरा काल गेला, कळलंही नाही. सु. शुद्धीत. पहिलं वाक्य: "नऊ दिवस झाले का?"
खोटं बोललो नाही. म्हटलं, नाही झाले.
तोंड भिंतीकडे केलं. नर्सनं आणलेलं दूध तसंच.

६ ऑक्टोबर
मानसिक विभागातली बाई डॉक्टर आली. आपल्या व.पेक्षा लहान. खुर्ची ओढून सु.जवळ बसली, देवाबद्दल एक वाईट शब्द बोलली नाही. नंतर मला बाहेर सांगितलं, हा खाण्याचा आजार आहे. उपास हे त्याच्यावरचं पांघरूण. पांघरूण चांगलं असलं की आजार कोणाला दिसत नाही, उलट लोक हात जोडतात.
"या वयात होते का?"
"होते. पुरुषांनाही होते, पोरांनाही."
"मग असे पेशंट येतात तुमच्याकडं?"
"माझ्याकडं नाही येत. चक्कर येते म्हणून येतात, पाळी गेली म्हणून, पोट दुखते म्हणून. रक्त लावतात, घरी जातात."
मी विचारलं, किती दिवसांत बरी होईल. ती म्हणाली, महिने मोजा, दिवस मोजू नका. अन पुन्हा उलटू शकते, हे आताच ऐकून ठेवा.

९ ऑक्टोबर
पडद्याच्या अलीकडे बसलो होतो. पलीकडे डॉक्टर अन सु. डॉक्टरनं विचारलं, "खाल्लं तर काय होईल असं वाटते, काकू?"
 पंख्याचा आवाज.
मग सु. म्हणाली, "मले सतराव्या वरसापासून चुलीपुढं बसवलं. सासू, सासरा, दीर, पोरगी, हे. तुले काय पायजे म्हून कोनी इचारलं नाई. मी नाई म्हन्लं, नोको मले, तं सारे पाया पडाले आले. खाल्लं तं मी मंग कोन?"
'हे' म्हणजे मी.
उठून खाली गेलो. चहाच्या टपरीवर उभा राहिलो. चहा घेतला नाही.

१९ ऑक्टोबर
सुट्टी दिली. दिवाळीसाठी नाही, खाट दुसऱ्या पेशंटला पाहिजे होती म्हणून. आहारवाल्या बाईनं कागद दिला: दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं, अन कोणीतरी समोर बसून सोबत खायचं. खाण्याबद्दल बोलायचं नाही. बारीक, जाड, तेज, हे शब्द घरात काढायचे नाहीत. चालायला एकटं जाऊ द्यायचं नाही. दर पंधरा दिवसांनी गोंदिया.
व. पंधरा दिवस सुटी काढून आली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
व.नं करंज्या केल्या. सु.नं अर्धी खाल्ली. तास लागला. आम्ही दोघं इकडचं तिकडचं बोलत बसलो, धान कोणाचं पडलं, कोणाचं कीड लागून गेलं. तिच्या बोटांकडे पाहायचं नाही असं ठरलं होतं. दोघंही पाहून राहिलो होतो.

४ नोव्हेंबर
व. गेली. आता मी रांधतो. ती असतानाच शिकलो; पहिले चार दिवस भात तळाला लागला, आता जमते. लाखोळीच्या डाळीचं वरण तिला आवडायचं, तेच करतो. आवडायचं हे मला व.नं सांगितलं.
सहा वेळा बसतो समोर. माझंच पोट सुटून राहिलं.

९ नोव्हेंबर
मंदिरात गेलो, उगाच. गाभाऱ्याबाहेर भिंतीवर सु.चा फोटो. मांडवातला, सहाव्या दिवशीचा असावा, डोळे अर्धे मिटलेले. हार घातलेला. पुढे उदबत्ती.
हरिभाऊला म्हटलं, बाई जिवंत आहे, हार काढ.
"लोकाईची श्रद्धा हाय भाऊ. मी कसा काढू?"
मी स्वतः काढला. फोटो काखेत मारून घरी आणला, कणगीमागे उलटा करून ठेवला. संध्याकाळपर्यंत भिंतीवर दुसरा होता.

१६ नोव्हेंबर
काल गोंदियाला जाऊन आलो. डॉक्टर म्हणते, सुधारणा आहे. वजन सु.ला सांगत नाहीत, काट्यावर पाठ करून उभं करतात. परतताना बसमध्ये शेजारच्या बाईनं ओळखलं. "माय तुमी होय? भरल्या वो तुमी आता." कौतुकानंच म्हणाली असल.
सु. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. रात्रीचं जेवली नाही. सकाळचंही नाही.

१८ नोव्हेंबर
आज चार वेळा. दूध, केळं, भात थोडा, पुन्हा दूध. एका बाईच्या एका वाक्याचे दोन दिवस.

२५ नोव्हेंबर
धान कापणी संपली. चुरणी-मळणी बाकी.
रोशनी दिसली नळावर. पाण्याची गुंड डोक्यावर घेता येत नव्हती, दोनदा खाली ठेवली. दंड मनगटाएवढा. ती अजून खाणं सोडूनच राहिली. देवाजीला भेटलो, डॉक्टरचं सांगितलं, मी घेऊन जातो, गाडीचं मी पाहतो. त्याची बायको आतून म्हणाली, "तिनं पाप फेडाले धरलं. फेडू द्या. तुमच्या घरचीनं सोडलं म्हून आमची कायले सोडल?"
देवाजी जमिनीकडे पाहत होता. पोरगा, तिचा नवरा, नागझिरा अभयारण्याच्या गेटवर कामाला, पंधरा दिवसांनी येतो. त्याला फोन लावला. म्हणाला, आईला विचारतो.

२८ नोव्हेंबर
सु.ला सांगितलं नव्हतं. तिनंच विचारलं, "रोशनी जेवते का?"
मी म्हटलं, नाही.
तिनं वाटीतला चमचा ठेवला. मला वाटलं, गेलं आता, आजचं गेलं. तिनं पुन्हा उचलला. वाटी संपवली.  नंतर अंथरुणावर पडून, तोंडावर पदर घेऊन, बराच वेळ.
दवाखान्यातल्या डॉक्टरला फोनवर सांगितलं. म्हणाली, तिच्यावर भार टाकू नका, ती स्वतःच अजून पाण्यात आहे. गावातल्या आशाताईला रोशनीच्या घरी पाठवा. पाठवलं. दारातूनच परत.

५ डिसेंबर
रोशनीच्या घरी बाया जमू लागल्या आहेत. संध्याकाळी भजन. ओसरीत पाट मांडला आहे म्हणतात. हरिभाऊची मोटरसायकल दोन दिवस तिथंच उभी.
आशाताईला पुन्हा सांगितलं. व.ला सांगितलं. व. म्हणते, आरोग्य खात्याच्या वरच्या साहेबांना अर्ज करू. अर्ज लिहिला.

७ डिसेंबर, रविवार
सकाळी सु.नं स्वतः भात टाकला. दोन-अडीच महिन्यांनी चुलीजवळ बसली. मी काही बोललो नाही. वरण, भाजी. मग लुगडं नीट करून निघाली. मी मागे. सरळ देवाजीच्या ओसरीत. बाया उठून पाया पडायला वाकल्या, ती थांबली नाही. पाटावर रोशनी. सु.नं तिचा हात धरला, म्हणाली, "चाल, माह्या घरी."
सासू आडवी आली नाही. मायला कोण आडवं येईल.
घरी आणलं. दोन ताटं वाढली, सारखीच. एक तिचं, एक स्वतःचं. मला म्हणाली, "तुमी भायेर बसा. दार लोटून घ्या."
म्हटलं, डॉक्टरनं सांगितलं आहे, मी समोर...
"आज नोको. तिले मीच हे शिकवलं."
ओसरीत बसून लिहून राहिलो. अंगणात बाया उभ्या आहेत, वीसेक, कुजबुज नाही. हरिभाऊही आला, फाटकाबाहेर. अर्धा तास झाला. आत दोघी काही बोलून राहिल्या होत्या, सु.चाच आवाज जास्त, शब्द कळत नव्हते. एकदा रोशनी रडली. आता बोलणं बंद आहे.
ताटाचा आवाज येत नाही. मी अजून दार उघडलं नाही.